पाट कोठे फुटला?

विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात सोडले आणि ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले नाही, तर जाणता शेतकरी तो वाफा खणत बसत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेकडेने चालू लागतो आणि पाट कोठे फुटला आहे हे पाहतो. संगणकावर पहिल्यांदाच लिनक्स बसविणाऱ्याने हीच रीत अंगी बाणविली पाहिजे.

संगणकाची सर्व अंगे ज्या प्रणालीच्या आज्ञेने काम करतात, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली अशा प्रणालीचा गाभा लिहिला व तो जगापुढे ठेवला. त्या गाभ्यालाच लिनक्स म्हणतात. त्याच्याभोवती अनेक देशांतील लोकांनी डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा प्रणाली रचल्या. त्या कोणासही विनामूल्य घेता येतात. डेबियन बसविताना तर मराठी भाषाही निवडता येते.

ही प्रणाली आपणास एका मोठ्या फाइलीच्या रूपाने मिळते. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिकृती तीत साठविलेली असते, म्हणून तिला डिस्क इमेज म्हणतात. ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावी, पेनड्राइव्हवर लिहावी, त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि मग प्रणाली बसवावी, असे हे चार टप्प्यांचे काम आहे. पुष्कळदा नवशिक्याच्या वाट्यास काळा पडदा येतो. तो गोंधळतो आणि दिसेल ती कळ दाबू लागतो. असे न करता पहिल्या टप्प्यापासून क्रमाने शोध घ्यावा.

पहिला टप्पा फाइलीचा. काही गिगाबाइटांची फाइल उतरत असताना जोडणी मध्येच तुटली, तर फाइल अपुरी राहू शकते. हे ओळखण्यासाठी फाइल पुरविणारी संस्था बोटाच्या ठशासारखा तिचा एक ठसा प्रसिद्ध करते. त्यास चेकसम म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा ६४ चिन्हांचा असतो. फाइलीतील एक अक्षर बदलले, तरी सारा ठसा पालटतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपल्या फाइलीचा ठसा काढावा आणि दोन्ही ठसे ताडून पाहावेत. २०१६ सालच्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोर शिरले आणि त्यांनी लोकांना बनावट फाइलीकडे वळविले. आपली फाइल खरी की खोटी, हे तेव्हा लोकांना ठशावरून पारखता आले.

दुसरा टप्पा लिहिण्याचा. फाइल खरी असूनही ती पेनड्राइव्हवर नुसती नकलून ठेवली, तर संगणक सहसा तीवरून सुरू होत नाही. बी डब्यात ठेवल्याने उगवत नाही. ते पेरावे लागते. डिस्क इमेज अशी ‘पेरण्यासाठी’ रूफस किंवा बलेना एचर यांसारखी साधने वापरतात. मात्र त्या वेळी पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सारे पुसले जाते, हे ध्यानी ठेवावे.

तिसरा टप्पा संगणक सुरू करण्याचा. संगणक सवयीने आपल्या आतल्या डिस्ककडेच वळतो. त्यास पेनड्राइव्हकडे वळविण्यासाठी सुरुवातीलाच एक ठरावीक कळ दाबावी लागते. ती कोठे एफ-१२ असते, तर कोठे एफ-२. कित्येक संगणकांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरीही असतो. ओळखीची सही नसलेल्या प्रणालीस तो आत येऊ देत नाही. उबुंटू आणि डेबियन यांच्यापाशी अशी सही असते; काही लहान प्रणालींपाशी ती नसते.

चौथा टप्पा सर्वांत जोखमीचा. आधीचे तिन्ही टप्पे चुकले तरी संगणकावरील साठा सहसा शाबूत राहतो. येथे मात्र एका होकाराने वडिलांचे हिशेब, ताईचे लेखन आणि आजोबांची छायाचित्रे कायमची नाहीशी होऊ शकतात. ‘संपूर्ण डिस्क पुसावी काय?’ असे प्रणाली विचारते, तेव्हा घाई करू नये. सर्व मोलाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून मगच पुढे जावे. पुष्कळ प्रणाली काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. पडदा, ध्वनी, वायफाय नीट चालते की नाही, हे तेथेच कळते.

शोध घेताना दोन नियम पाळावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही. दुसरे असे, की पडद्यावरील सूचना शब्दशः वहीत उतरवून घ्यावी. ‘चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्यास मदत करणे जाणकारासही कठीण जाते. पण कोणत्या टप्प्यावर काय दिसले हे जो सांगतो, त्याचे निम्मे काम झालेलेच असते.

स्वाध्याय
१. फाइलीचा ठसा ताडून का पाहावा?
२. चौथा टप्पा सर्वांत जोखमीचा का आहे?
३. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी’ हा नियम घरातील बंद पडलेल्या दिव्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.