उमेदीच्या वर्षांचा हिशेब

शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर होतो, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यास जातो आणि तीन-चार वर्षांनी ‘आणखी एकदा बसावे काय?’ हा प्रश्न घेऊन घरी येतो. अशा वेळी घरची मंडळी बहुधा गावातील शिक्षकांचा अथवा सरपंचांचा सल्ला घेतात. ‘एवढी वर्षे घातली, आता आणखी एक घालू द्या,’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते आपुलकीचे खरे. परंतु अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरणारे नव्हे.

एक मार्ग पत्करताना जो सर्वांत चांगला दुसरा मार्ग सोडावा लागतो, त्याचे मोल हाच निर्णयाचा खरा खर्च होय. यास संधी परिव्यय म्हणतात. समजा, या तरुणास महिना १८ हजारांची नोकरी मिळू शकते आणि पुण्यातील खर्च महिना १० हजार आहे. त्यांपैकी जेवणाखाण्याचे ४ हजार घरी राहूनही लागलेच असते. ते वजा करावेत. म्हणजे वर्षाचा जादा खर्च ७२ हजार आणि सोडलेली मिळकत २ लाख १६ हजार. एकूण २ लाख ८८ हजारांपैकी तीन-चतुर्थांश रक्कम कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही. शिक्षणाच्या खर्चात विद्यार्थ्याने सोडलेल्या मिळकतीचा वाटा मोठा असतो, हे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच दाखवून दिले होते. वहीतल्या ७२ हजारांनाही दुसरी वाट असते. त्याच घरात परिचारिकेचे शिक्षण घेऊ इच्छिणारी धाकटी बहीण असेल, तर तिचे लांबलेले वर्ष याच हिशेबात येते; मात्र तिला कोणी विचारीत नाही.

गेलेल्या वर्षांचे काय? परीक्षा दिली तरी ती परत येत नाहीत, न दिली तरी नाहीत. असा बुडीत खर्च पुढील निर्णयात धरू नये, असा नियम आहे. तो पाळणे मनुष्यस्वभावास जड जाते. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाबाबतचा एक प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाची तिकिटे काहींना पूर्ण किमतीस, तर काहींना सवलतीत दिली होती. जास्त पैसे मोजलेले प्रेक्षक हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना आले. नाटके तीच होती!

तरीही गेलेली वर्षे सर्वस्वी निरुपयोगी नसतात. खर्च म्हणून ती वगळावयाची. पुरावा म्हणून मात्र अवश्य पाहावयाची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्व परीक्षेस ५,९२,१४१ उमेदवार बसले, त्यांतून १४,६२४ मुख्य परीक्षेस व पुढे २,८५५ मुलाखतीस पात्र ठरले. शिफारस १,०१६ जणांची झाली. म्हणजे पूर्व परीक्षेस बसलेल्यांत सुमारे ५८० मागे एक, पण मुलाखतीस पात्र ठरलेल्यांत जवळजवळ तिघांत एक. मुलाखतीपर्यंत पोहोचलेला आणि चारही वेळा पूर्व परीक्षेतच अडकलेला, या दोघांना एकच सल्ला देणे अन्यायाचे ठरेल.

हा हिशेब निकालाच्या दिवशी मांडता येत नाही. त्या दिवशी घरात एक तर पेढे असतात किंवा अबोला. पुढील वेळी कोणता टप्पा न गाठल्यास थांबावयाचे, हे अर्ज भरण्यापूर्वीच मुलाने व आईवडिलांनी एकत्र बसून कागदावर लिहावे. बहिणीलाही त्या बैठकीस बोलवावे.