सरूप पदांची बेरीज : पडताळणीचा पाठ

बीजगणिताच्या प्रारंभी विद्यार्थ्यांच्या वह्यांत आम्हांस वारंवार आढळणारे एक उत्तर असे : ५क्ष + ४य = ९क्षय. ते चुकीचे आहे, एवढे सांगून शिक्षकाचे कर्तव्य संपत नाही; ते का चुकीचे, हे मुलाला स्वतः ताडून पाहता आले पाहिजे.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा हिशेब घेऊ. विद्यार्थ्यांची संख्या क्ष मानू. प्रत्येकास सकाळी २ व रात्री ३ चपात्या दिल्यास एकूण २क्ष + ३क्ष = (२ + ३)क्ष = ५क्ष चपात्या लागतील. दोन्ही पदांत तीच संख्या असल्याने वितरण नियमानुसार सहगुणकांची बेरीज होते. आता य पाहुणे आले व प्रत्येकास ४ चपात्या वाढल्या, तर एकूण ५क्ष + ४य. येथे थांबावे लागते. क्ष = ६०, य = ५ घेतल्यास ३२० चपात्या होतात; ९क्षय मात्र २,७०० सांगते!

ज्या पदांतील चल व त्यांचे घातांक समान, ती सरूप पदे. म्हणून क्ष² व क्ष हीदेखील विरूपच. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन हाच नियम सांगितला : समान जातीच्या राशी मिळवाव्यात, भिन्न राशी पृथक् ठेवाव्यात.

उदाहरणार्थ,
७क्ष + ४य − ३क्ष + २य − ५
= (७ − ३)क्ष + (४ + २)य − ५
= ४क्ष + ६य − ५

पदामागील चिन्ह पदासोबतच न्यावे. क्ष = २, य = ३ ठेवल्यास पहिल्या व शेवटच्या ओळीची किंमत २१ येते. पडताळणीसाठी ० किंवा १ घेऊ नये; क्ष = य = १ असता ५क्ष + ४य आणि ९क्षय दोन्ही ९ होतात व चूक लपून राहते. किमती जुळल्या नाहीत तर चूक निश्चित. जुळल्या तरी खरा आधार नियमाचाच.

केवळ परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. गणिताच्या वहीतही तो आचरता येतो. ज्या पालकांना बीजगणित शिकण्याची संधी लाभली नाही, त्यांनीही मुलांना एवढे अवश्य विचारावे : ‘संख्या घालून पाहिलीस का?’