दोन कार्यप्रणालींचा जुना संगणक : प्रारंभीचा दोष व त्याची चिकित्सा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडते. तक्ते पुन्हा भिंतीवर चढतात आणि कोपऱ्यातील संगणकावरील कापड दूर केले जाते. कळ दाबताच पंखा फिरतो, पडदा उजळतो. परंतु विंडोज व उबंटू या दोहोंची नेहमीची यादी न येता एकटे विंडोजच सुरू होते. उबंटूमध्ये जतन केलेल्या गुणनोंदी, पाठटाचणे, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे यांचा कोठेच मागमूस लागत नाही. ‘हार्ड डिस्क बिघडली’ असा समज होऊन संगणक दुरुस्तीस जातो. तेथे ‘सर्व पुसून नव्याने भरावे काय?’ या प्रश्नास होकार मिळतो आणि जे गेलेले नव्हते ते खरोखरीच जाते. हा अनर्थ टाळणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

विषयप्रवेश

ज्या जुन्या संगणकात दोन हार्ड डिस्क असून एकीवर विंडोज ७ व दुसरीवर उबंटू आहे, असा संगणक येथे गृहीत धरला आहे. वीज मिळताच प्रथम जागा होतो तो ‘बायोस’ हा मुख्य पट्टीवरील छोटा कार्यक्रम. शिक्षक हजेरीपटाच्या क्रमाने नावे पुकारतात, त्याप्रमाणे बायोस ठरलेल्या क्रमाने पेन ड्राइव्ह, सीडी व हार्ड डिस्क यांना पुकारतो. हार्ड डिस्कच्या आरंभी ५१२ बाइटांचा एक विभाग असतो. तो योग्य आढळल्यास बायोस पुढील कारभार त्याच्या स्वाधीन करतो.

पुकारण्याचा हा क्रम ज्या स्मृतीत राहतो, ती वीज बंद असताना नाण्याएवढ्या बॅटरीवर जगते. ही बॅटरी बहुधा सीआर २०३२ जातीची, ३ व्होल्टची असते. सुटीत संगणकाचा वीजपुरवठा तुटलेला असल्याने सर्व भार तिच्यावर पडतो. जुनी बॅटरी संपली की क्रम पुसला जातो व बायोस मूळच्या क्रमावर परततो. उबंटूची हार्ड डिस्क शाबूत असूनही तिला हाक मारली जात नाही, एवढाच काय तो दोष!

तपासणीचा क्रम

१. जोडलेला पेन ड्राइव्ह व आतील सीडी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. पेन ड्राइव्हला पहिली हाक गेल्यामुळेही प्रारंभ अडतो.

२. दिनांक व वेळ पाहावी. वर्ष अनेक वर्षे मागे गेले असल्यास बॅटरी संपल्याचा तो सबळ पुरावा समजावा.

३. संगणक सुरू होताच एफ १२ ही कळ वारंवार दाबावी. काही संगणकांत तिच्या जागी एफ ११, एफ ९ किंवा एस्केप असते. पडद्यावर साधनांची यादी येईल. तीतून दुसरी हार्ड डिस्क निवडावी. उबंटू सुरू झाल्यास हार्ड डिस्क निर्दोष आहे व केवळ क्रम बिघडला आहे, असे सिद्ध होते.

४. यानंतर डिलीट किंवा एफ २ कळीने बायोसच्या मांडणीत जाऊन उबंटूची हार्ड डिस्क प्रथम ठेवावी व बदल जतन करावा. उबंटूचा ‘ग्रब’ हा प्रारंभक दोन्ही कार्यप्रणालींची यादी दाखवू शकतो. विंडोजचा प्रारंभक आपण होऊन उबंटू दाखवीत नाही. म्हणून हा क्रम सोयीचा होय.

५. उबंटू चालते, पण विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन थांबते, असे झाल्यास बायोसमधील साटा जोडणीची पद्धत पाहावी. बॅटरी संपल्यावर ‘एएचसीआय’चे ‘आयडीई’ किंवा उलट झालेले असू शकते. पूर्वीची पद्धत ठेवताच दोष दूर होतो.

६. यादीत हार्ड डिस्क मुळीच दिसत नसेल, तर वीज तोडून तिच्या दोन्ही तारा घट्ट बसवाव्यात. तरीही न दिसल्यास जाणत्या कारागिराकडे जावे. मात्र नोंदींची प्रत काढण्यापूर्वी काहीही पुसू नये, असे त्यास लेखी कळवावे.

बॅटरी बदलताना दक्षता

वीजतार काढून, पेटीच्या धातूस हात लावून मगच काम करावे. अधिक चिन्हाची बाजू वर राहील अशी नवी बॅटरी बसवावी व दिनांक, क्रम पुन्हा भरावा. जुनी बॅटरी टेबलावर क्षणभरही ठेवू नये. लहान मुलाने ती गिळल्यास अन्ननलिकेस सुमारे दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. तसा संशय येताच मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सामान्य ग्राहकांसाठी विंडोज ७ च्या सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. यास्तव इंटरनेटचे काम सुधारणा मिळत असलेल्या उबंटूवर करावे. गुणनोंदींची एक प्रत दर शनिवारी वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. क्रमाचा कागद संगणकाच्या पेटीवर आतून चिकटवावा. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास तो उपयोगी पडेल.

मननासाठी प्रश्न

१. दिनांक मागे जाणे व उबंटू न दिसणे, या दोन घटनांचे समान कारण कोणते?
२. हार्ड डिस्क बिघडली की क्रम बिघडला, हे कोणत्या एका कृतीने ठरते?
३. ‘सर्व पुसावे काय?’ या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी कोणती खात्री करून घ्यावी?