शी-शूची सवय : स्वमग्न मुलांच्या आयांसाठी



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता, पासबुक या सगळ्यावर मोकळेपणी बोलतो. एक विषय मात्र बैठक संपल्यावर, चप्पल घालता घालता, हळू आवाजात निघतो. "मॅडम, पोरगं सहा वर्षांचं झालं, अजून चड्डीतच करतं. काय करू?" असं विचारणाऱ्या आया जवळजवळ प्रत्येक ग्रामसंघात भेटतात. त्यांतल्या काहींच्या मुलांना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. कुणाला डॉक्टरांनी तसं सांगितलंय, कुणाची तपासणी अजून व्हायचीय.

या प्रश्नाचा थेट संबंध मजुरीशी आहे. द्राक्षाच्या हंगामात छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी अशी कामं एकामागून एक येतात आणि बाया सकाळी आठला बागेत लागतात. चड्डीत करणारं मूल शेजारणीकडे ठेवता येत नाही. शाळेत घातलं तर अकरा वाजता निरोप येतो, "घेऊन जा." मग आई घरी बसते. मजुरी बुडते, बचत थकते आणि ती बैठकीलाही यायची थांबते. म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे.

स्वमग्न मूल हट्टी नसतं, आळशीही नसतं. त्याला बोललेलं समजायला, स्वतःचं सांगायला आणि ठरलेल्या गोष्टीत बदल सोसायला अवघड जातं. आवाज, वास, उजेड, स्पर्श हे त्याला आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. काही मुलांना तर पोटात कळ आली, लघवी दाटली हेच वेळेवर उमगत नाही. त्यामुळे इतर मुलं बघून बघून शिकतात तसं हे मूल शिकत नाही. त्याला प्रत्येक पायरी वेगळी शिकवावी लागते. बहुतेक मुलं तीन-साडेतीन वर्षांपर्यंत दिवसा सांगायला लागतात. स्वमग्न मुलाला त्याहून उशीर लागतो, कधी बराच. पण उशीर झाला म्हणजे होणारच नाही, असं नाही.

आधी पोट बघा

शिकवायला बसण्याआधी मुलाला डॉक्टरकडे न्या आणि दोन गोष्टी तपासून घ्या: लघवीची जागा आणि पोट. लघवीला जळजळ होत असेल, जंत असतील, शौचाला खडा होत असेल, तर कितीही शिकवलं तरी मूल बसणार नाही. बसलं की दुखतं, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

खड्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथे खूप घरं फसतात. स्वमग्न मुलांचं खाणं मोजकंच असतं. चहा-बिस्कीट, दूध, पाकिटातला खाऊ, पांढरा भात, बास. भाजीचा कण लागला तरी थुंकतात. पोट साफ होत नाही, आत शौच साठून घट्ट होतं. मग त्या खड्याच्या कडेकडेने पातळ शौच झिरपतं आणि दिवसभर चड्डीला लागत राहतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत, म्हणून जुलाब थांबवायचं औषध देतात. त्याने खडा आणखी घट्ट होतो. मुलाला तर ते झिरपणं कळतही नाही आणि मार मात्र त्यालाच बसतो. म्हणून चड्डीला रोज थोडं थोडं लागत असेल, पोट फुगलेलं, कडक वाटत असेल आणि चार-पाच दिवसांतून एकदाच मोठं शौच होत असेल, तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. शौच मऊ करायचं औषध मुलांना चालतं. ते काही आठवडे, कधी काही महिने घ्यावं लागतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका.

सोबत पाणी वाढवा. आपल्याकडे पेरू, पपई आहेत, बेदाणा तर घरचाच. भिजवलेले चार-पाच बेदाणे कुस्करून द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी दुधात किंवा वरणात चुरून द्या. एका वेळी एकच नवा पदार्थ द्या, तोही त्याच्या आवडीच्या घासाशेजारी. जबरदस्तीने कोंबलं तर जे खातं तेही सोडेल. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत वर्षातून दोनदा मिळते, ती चुकवू नका.

वही घाला

आपल्या पंचसूत्रीत नोंदी ठेवणं आहे, तेच इथे करायचं. शिकवणं सुरू करण्याआधी चार-पाच दिवस मुलाची वही ठेवा. उठल्यापासून झोपेपर्यंत तासाला एकदा चड्डी बघा. कोरडी असेल तर गोल, ओली असेल तर टिंब, शी असेल तर फुली. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. जेवणाची वेळही खुणेने टाका. चार दिवसांनी वही समोर धरली की दिसायला लागतं: सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासात फुली, दुपारी झोपून उठल्यावर टिंब. पोटात अन्न गेलं की आतडं हलतं, त्यामुळे जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत शौच होण्याचा संभव जास्त असतो. मूल कधीकधी दीड-दोन तास कोरडं राहत असेल, तर शरीर तयार आहे असं समजा.

आता त्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी मुलाला न्यायचं. "शी लागली का?" असं विचारायचं नाही. त्याला प्रश्न कळत नाही, कळला तरी उत्तर देता येत नाही आणि "नाही" म्हणून दोन मिनिटांत चड्डीत करतं. सांगायचं, "शी-ला चल." घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आई शी म्हणते, आजी परसाकडं म्हणते, बाप संडास म्हणतो. त्या मुलासाठी या तीन वेगळ्या गोष्टी झाल्या.

शब्दासोबत वस्तू दाखवा. एक ठरलेलं टमरेल, रंग एकच, ते हातात दिलं की जायचं. काही दिवसांनी पोटात कळ आल्यावर मूलच टमरेल उचलून आईकडे येतं. बोलता न येणाऱ्या मुलासाठी हेच सांगणं आहे, ते पहिल्यांदा होईल तेव्हा हातातलं काम टाकून उठा. मोबाईलवर आपल्याच घरच्या शौचालयाचे फोटो काढून दाखवले तरी चालतात. पुस्तकातलं पांढरं कमोड दाखवू नका, ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं.

बसवायचं तीन ते पाच मिनिटं. झालं नाही तर शांतपणे उठवायचं. अर्धा तास धरून बसवलं तर ती शिक्षा होते. झालं की लगेच, त्याच क्षणी, त्याच्या आवडीचं काहीतरी द्या. एखाद्याला एक बेदाणा, एखाद्याला फिरवायला बांगडी, एखाद्याला मोबाईलवर अर्धं गाणं. ती वस्तू दिवसात दुसऱ्या कशासाठीच द्यायची नाही, नाहीतर तिची किंमत जाते. टाळ्या वाजवण्याआधी विचार करा, पुष्कळ मुलं मोठ्या आवाजाला दचकतात.

बाकीच्या पायऱ्या शेवटाकडून शिकवा. चड्डी खाली करणं, बसणं, धुणं, चड्डी वर घेणं, पाणी ओतणं, साबणाने हात धुणं. सुरुवातीला सगळं तुम्ही करा आणि फक्त शेवटचं, साबणाचा हात धुणं, त्याच्याकडून करून घ्या. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचं. असं मागे मागे आलं की प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होतं आणि बक्षीसही त्यालाच मिळतं. नाडी, बटण, चेन नको. सैल इलास्टिकची सुती चड्डी घाला. दिवसभर डायपर घातलं तर ओलं झालेलं जाणवतच नाही आणि खर्च होतो तो वेगळाच. प्रवासाला, लग्नाला घाला, घरात काढा.

भीती कशाची वाटते ते शोधा

आपल्याकडची शौचालयं बहुतेक स्वच्छ भारत मिशनमधून, 12,000 रुपयांच्या अनुदानावर बांधलेली. चार बाय चारची खोली, पत्र्याचं दार, दिवा नाही. मोठ्या माणसाला चालून जातं. स्वमग्न मुलाला आत अंधार, फिनेलचा भपका, दाराचा खणखणाट आणि पायाखाली भोक, अशी ती जागा दिसते. तुम्ही स्वतः एकदा आत उकिडवं बसून, डोकं मुलाच्या उंचीला आणून बघा. काय बोचतं ते कळेल. मग एक बल्ब, दाराला कापडाची पट्टी, फिनेलऐवजी नुसतं पाणी आणि ब्रश, भिंतीला धरायला पाईप. तोल जात असेल तर पाय ठेवायच्या जागेशेजारी आधार द्या. एवढ्यासाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज घ्यायला हरकत नाही. शेळीला देतो तसं याला का देऊ नये, असं मला वाटतं.

जे मूल दारातूनच ओरडतं, त्याला आत ढकलू नका. पहिले काही दिवस कपड्यांसकट दारात बसू दे, आवडीची वस्तू हातात. मग आत उभं. मग कपड्यांसकट बसणं. पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात पाणीच नसतं, तिथे शौचालयात कोंबड्या आणि सरपण असतं हे मला माहीत आहे. अशा घरी मोरीच्या कोपऱ्यात भोकाची लहान खुर्ची आणि खाली भांडं ठेवून सुरुवात करा. पण जागा रोज बदलू नका.

त्याच भागातून दिवाळीनंतर कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. घरी शिकलेलं मूल इथे आलं की पुन्हा चड्डीत करतं आणि आई म्हणते, सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. त्याने "ही जागा" शिकलेली असते, "अशा जागा" शिकलेलं नसतं. तेच टमरेल, तीच खुर्ची किंवा फळी, तेच फोटो सोबत आणा आणि पहिले आठ दिवस पहिल्यापासून करा. दुसऱ्या वेळी लवकर जमतं.

काही मुलं शी हाताने चिवडतात, भिंतीला फासतात. आईला रडू येतं ते इथेच. ओरडलात तर मोठा आवाज, धावपळ हीच त्याला गंमत वाटू शकते. न बोलता धुवा. जंत किंवा खाज आहे का ते तपासा. दिवसातून दोनदा कणीक, ओली माती मळायला द्या, म्हणजे हाताला हवं ते मिळतं.

मारणं, डाग देणं, उपाशी ठेवणं, पाणी तोडणं यातलं काही करू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टर आणि वही सोडू नका. मोबाईलवर "तीन दिवसांत शिकवा" असे व्हिडिओ फिरतात. अमेरिकेत नेथन अझरिन आणि रिचर्ड फॉक्स या दोघांनी 1974 मध्ये एका दिवसापेक्षा कमी वेळात शिकवण्याचं पुस्तकच काढलं. 1971 मध्ये त्यांनी संस्थेत राहणाऱ्या मतिमंद प्रौढांना भरपूर पाणी, वारंवार बसवणं आणि लगेच बक्षीस या मार्गाने शिकवून दाखवलं होतं. त्यातलं बसवणं आणि बक्षीस आजही उपयोगी आहे. रागावणं आणि शिक्षा म्हणून पुसायला लावणं हा त्यांचा भाग मात्र टाकून द्यायचा. आणि एका दिवसाची आशा धरायची नाही, महिने लागतात. रात्रीचं तर त्याहूनही पुढे, दिवसाचं पक्कं झाल्यावर बघा.

मुलगी असेल तर आणखी एक. स्वच्छतेची आणि दार लावायची सवय आत्ता लागली तर पाळी येईल तेव्हा तिला आणि तुम्हाला सोपं जाईल. चड्डी कोण काढू शकतं, आई आणि आजी, एवढंच, हे तिला रोज तेच शब्द वापरून सांगा. मुलग्यालाही सांगा.

कागद आणि शाळा

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक येतं. त्या दिवशी मुलाला घरी लपवू नका, पुढे करा. पथक जिल्ह्याला पाठवण्याची चिठ्ठी देतं. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले, त्यांत ती आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळालं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा त्या मुलाचा हक्क आहे. चड्डीत करतं म्हणून नाव काढता येत नाही.

नाशिकमध्ये हे काम नवं नाही. रजनी लिमये यांनी 1977 मध्ये मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा ना हा कायदा होता, ना कार्ड.

शाळेत भांडायला जाण्याआधी वही घेऊन जा. गुरुजींना किंवा बाईंना दाखवा: या दोन वेळांना याला न्यायचं, हा शब्द म्हणायचा, हे टमरेल दाखवायचं. एक जादा चड्डी आणि पिशवी दप्तरात ठेवा. केंद्रात विशेष शिक्षक येत असतील तर त्यांनाही त्याच दिवशी बोलवा. एकटीला जड वाटत असेल तर गटातली एखादी ताई सोबत न्या. पुढच्या बैठकीला ज्यांची वही सुरू झाली असेल त्यांनी ती घेऊन या, सुरुवातीला अर्धा तास आपण तीच बघू.