फिरते प्रोफाइल
तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. अशा कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणारा लेखनिक रोज निराळ्या संगणकावर बसतो, अशी कल्पना करू. कळफलकाची मराठी मांडणी आणि शब्दकोशात स्वतः भरलेले शब्द त्याने प्रत्येक यंत्रावर पुन्हा का मांडावेत?

विंडोजच्या संगणकजालात ह्यास उपाय आहे. सर्व्हरवर सामायिक फोल्डर करून प्रत्येकास केवळ स्वतःच्या जागेचा अधिकार द्यावा, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्याच्या खात्यात त्या जागेचा मार्ग नोंदवावा. लेखनिक प्रवेश करतो तेव्हा प्रोफाइलची प्रत यंत्रावर उतरते; तो रीतसर बाहेर पडला की बदललेला भाग सर्व्हरवर परत जातो.

खरी गोम ह्या परतीत आहे. मध्येच वीज गेली तर बदल त्या यंत्रातच अडकतात. एकाच खात्याने दोन यंत्रांवर एकदम काम केल्यास मांडणीच्या नोंदी शेवटी बाहेर पडणाऱ्या यंत्राच्या टिकतात. दुसऱ्यावरील पुसल्या जातात. कागदांच्या प्रतिमा प्रोफाइलमध्ये साठविल्या तर प्रवेशच रेंगाळतो; त्या ‘फोल्डर रिडायरेक्शन’ने थेट सर्व्हरवर ठेवाव्यात. मूळ अक्षर दाखविणारा मोडी फॉन्ट मात्र प्रोफाइलबरोबर फिरत नाही. तो यंत्रोयंत्री बसवावाच लागतो.