डोळ्यात चुना गेला, तर आधी नळ, मग दवाखाना

ऊसपट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी परिचारिका आहे. डोळ्याच्या दुखापतींत मला सगळ्यात धास्ती वाटते ती चुन्याची. आजोबांची तंबाखूची चंची पोरांच्या हाती लागते, चुन्याची पुडी दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. मग रडारड, गाडीची शोधाशोध. आमच्यापर्यंत पोचेतो तास उलटलेला असतो.

मागे एक चार वर्षांची मुलगी अशीच आली. आजीने डोळ्यात तूप घालून वर रुमाल बांधला होता. आम्ही बधिर करणारे थेंब टाकले, तिला चादरीत गुंडाळून धरलं आणि सलाईनची धार डोळ्यावर सोडली. डॉक्टरांनी वरची पापणी उलटली, तर आत पांढरे कण चिकटलेले. ओल्या कापसाच्या काडीने ते एकेक करून काढले. लिटमस कागद लावून पाहिला, पुन्हा धुतलं, पुन्हा कागद लावला. बुबुळ तोवर धुरकट झालं होतं. आजी सारखी म्हणत होती, "सिस्टर, तूपच घातलं हो मी, दुसरं काही नाही." तिला काय बोल लावणार? पाण्याचं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

चुना हा अल्कली. अ‍ॅसिडने वरची प्रथिनं गोठतात, त्यामुळे ते बरेचदा वरच अडतं. अल्कली मात्र पेशींतली चरबी विरघळवत आत उतरत जातं, आणि कण पापणीखाली असेपर्यंत ते थांबत नाही. म्हणून जागच्या जागी धुवायला लागा. मान अशी कलती करा की दुखावलेला डोळा खाली राहील. पापण्या बोटांनी फाकवून धरा आणि स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडा. पोर किंचाळेल, तरी सोडा. रिक्षात बसल्यावरही बाटलीतून पाणी चालू ठेवा. सिमेंट, बॅटरीचं अ‍ॅसिड, संडास धुवायचं लिक्विड, सगळ्याला हेच. तूप, मध, अंगावरचं दूध, काही घालू नका.

छिन्नी-हातोड्याने काम करताना काही उडून लागलं असेल, तर मात्र उलट वागायचं. लोखंडाचा बारीक तुकडा डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो आणि दुखणं फारसं नसतंही. इथे धुणं नाही, चोळणं नाही, घट्ट पट्टी नाही. काही रुतलेलं दिसलं तरी उपसायचं नाही. कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून चिकटपट्टीने अडकवा आणि निघा. पेशंटला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

ऊसतोडीच्या दिवसांत पात लागलेले डोळे येतात. बहुतेक जण आधी मेडिकलमधून थेंब आणून चार-सहा दिवस घालतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असलं, तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. पुढे बुबुळावर फूल पडतं ते कायमचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, पात लागल्यावर डोळा खुपत राहिला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

वेल्डिंगवाली मुलं मध्यरात्री डोळे धरून येतात. झळ लागल्यावर काही तासांनी वेदना सुरू होते. बहुधा एक-दोन दिवसांत ते बरं होतं. पण बधिर करायचे थेंब घरी मागू नका, त्यांनी बुबुळाची जखम भरत नाही.

एक दुखणं मात्र काही न लागताच येतं. चाळिशी-पन्नाशीपुढच्या बाईचं अर्धं डोकं फुटतंय, उलट्या होताहेत, म्हणून घरचे पित्ताची गोळी देतात. तिचा एक डोळा लाल असेल, धूसर दिसत असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत असेल, तर डोळ्यातला दाब एकाएकी वाढलेला असू शकतो. काही तासांत नजर जाऊ शकते. केसपेपर काढताना नुसतं "उलट्या" सांगू नका, डोळ्याचंही सांगा.