बक्षिसाची घोषणा आणि हातात पडणारी रक्कम

पैसे घेऊन लढणारा खेळाडू हा व्यावसायिकच होय. दुकानदार मालाचा भाव ठरविल्याशिवाय माल देत नाही. मग पैलवानाने केवळ शब्दावर का उतरावे?

आपल्याकडील जत्रा-उरुसातील फडाची रीत सरळ आहे. वर्गणी जमते, इनाम आधी पुकारला जातो आणि कुस्ती सुटताच पैसे हातावर ठेवले जातात. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मा-निम्मा वाटण्याची प्रथा आहे. कमिटी गावातलीच असल्याने सहसा शब्द पाळला जातो. स्पर्धा मोठी झाली की ही ओळख राहत नाही.

२०२२ साली साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाले. मानाची गदा मिळाली, पण आयोजकांकडून रोख बक्षीस मिळाले नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे यांना त्याच किताबासाठी थार मोटार व ५ लाख रुपये जाहीर झाले. किताब एकच, मोबदला मात्र आयोजकावर अवलंबून!

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्येही हाच प्रश्न आहे. करारात बांधून ठेवून मानधन दाबले, असा आरोप करीत खेळाडूंनी २०१४ साली अमेरिकेतील यूएफसी कंपनीवर दावा लावला. त्यातील एका दाव्यात ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली व २०२५ साली न्यायालयाने ती मंजूर केली. तेथे मुष्टियोद्ध्यांसाठी २००० सालापासून मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा आहे. लढतीतून आपल्याला किती पैसे मिळतात, हे प्रवर्तकाने मुष्टियोद्ध्याला सांगावे लागते. मिक्स्ड मार्शल आर्ट्सला मात्र तो लागू नाही.

आता हिशेब पाहू. समजा, जाहिरातीत ४०,००० रुपये लिहिले आहेत. करारात २०,००० उतरण्याचे आणि २०,००० जिंकल्यास. प्रवास, खुराक व तपासणीचा खर्च १५,००० आणि वस्तादाचे २,०००. हरल्यास हाती उरतात अवघे ३,००० रुपये.

म्हणून सही करण्यापूर्वी पुढील बाबी लिहून घ्याव्यात:

१) उतरण्याचे व जिंकण्याचे पैसे वेगवेगळे किती, कोणत्या तारखेला आणि कसे मिळणार?
२) प्रतिस्पर्धी आला नाही किंवा स्पर्धा रद्द झाली तर काय?
३) दुखापतीचा दवाखान्याचा खर्च कोणाचा?
४) दुसरीकडे लढण्यास बंदी आहे काय? असल्यास किती दिवस आणि त्या काळात मोबदला किती?
५) चित्रीकरण विकले गेल्यास खेळाडूचा वाटा किती?

भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही सहसा ग्राह्य असतो, परंतु तो सिद्ध करणे कठीण जाते. कराराची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. सचोटीच्या आयोजकालाही कागदामुळे त्रास नाही. उलट त्याच्या फडाला चांगले पैलवान येतील.